दोरा कापण्याआधी

अगं, गुरुवारच्या यादीत लीडलेस पेसमेकरची केस लागली आणि स्क्रबला तुझं नाव आलं, तेव्हापासून तू गप्प गप्प आहेस. कंपनीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतेयस, पण त्याने धीर येत नाही ना? येणार नाहीच. त्या व्हिडिओत सगळं सुरळीत होतं. शीथ आत जाते, यंत्र भिंतीला लागतं, आकडे चांगले येतात, संपलं. तुझ्या मनातला प्रश्न वेगळाच आहे. हँडलचं बटण सरकलंच नाही तर? पडद्यावरचं चित्र गोठलं तर? दोरा अडकला तर? हे प्रश्न तुला पडले याचा मला खरंच आनंद झालाय. ज्यांना ते पडत नाहीत त्यांच्याबरोबर टेबलाशी उभं राहायला मला नको वाटतं. बस इथे, चहा घे, आणि ऐक.

आधी एवढं लक्षात घे की इथला बिघाड नेहमीच्या पेसमेकरच्या बिघाडासारखा नसतो. नेहमीच्या केसमध्ये गळपट्टीच्या हाडाखाली खिसा केलेला, सगळं डोळ्यांसमोर. लीड नीट बसली नाही तर दुसरी घेतो, स्क्रू सैल वाटला तर घट्ट करतो. जनरेटर ट्रेमध्ये असतानाच बिघडलेला निघाला, तर पेशंटच्या अंगाला त्याचा स्पर्शही झालेला नसतो. आता मायक्रा हा लीडलेस पेसमेकर घे. लांबी जेमतेम २६ मिलिमीटर, वजन २ ग्रॅमच्या आसपास, बॅटरी, सर्किट, इलेक्ट्रोड सगळं त्याच्याच पोटात. मांडीच्या शिरेतून वर चढवून, हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात न्यायचं आणि नायटिनॉलच्या चार आकड्यांनी आतल्या भिंतीला अडकवायचं. शीथ बाहेरून २७ फ्रेंच, म्हणजे ९ मिलिमीटर जाड. यंत्र आणि ते पोचवणारा कॅथेटर शेवटपर्यंत एकमेकांना बांधलेले. एक टोक सरांच्या हातात, दुसरं धडधडत्या हृदयात. त्यामुळे अवजारात काही अडलं तर ते थेट हृदयातच अडतं.

मायक्राचा पहिला मोठा अभ्यास २०१५ च्या शेवटी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्यात ७२५ पैकी ७१९ पेशंटमध्ये यंत्र बसवता आलं. हृदयाला इजा होण्याचं किंवा भोवती रक्त साचण्याचं प्रमाण मात्र दीड टक्क्याच्या वर होतं. म्हणजे यश खूपच चांगलं, पण जे चुकतं ते लहानसहान नसतं. शिवाय आपल्याकडे ही केस कोणाची येते बघ: डायलिसिसवरची आजी, जिच्या हातांच्या शिरा आता वापरता येत नाहीत. किंवा जुन्या पेसमेकरच्या खिशात जंतुसंसर्ग होऊन सगळं काढावं लागलेले आजोबा. यांच्यात राखीव ताकद कमी असते, म्हणून तयारी आपल्याकडे जास्त हवी.

आणि यंत्र बिघडलं की मान खाली घालायची, ही सवय लावून घेऊ नकोस. या क्षेत्राची सुरुवातच बिघाडाने झाली आहे. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन नावाच्या पेशंटला शरीराच्या आत बसणारा जगातला पहिला पेसमेकर बसवला. इंजिनियर रूने एल्मक्विस्ट यांनी तो बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून ओतला होता. काही तासांतच तो बंद पडला. लार्सन वाचले, कारण एल्मक्विस्टनी दुसरा करून ठेवला होता, आणि तो लगेच बसवता आला. पुढे लार्सन २००१ पर्यंत जगले आणि त्यांच्या अंगात एकूण २६ पेसमेकर बसले. दुसरं यंत्र हाताशी हवं, हा नियम मी तुला सांगतेय तो इतका जुना आहे.

तर बुधवारी संध्याकाळी कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न विचार: दुसरं यंत्र कुठे आहे? ‘मागवता येईल’ हे उत्तर चालणार नाही, ‘गोडाउनला आहे’ हेही नाही. ते आपल्या इमारतीत हवं, शक्य तर लॅबच्या कपाटात. दुसरी शीथ, दुसरा डायलेटर, जास्तीची कडक वायर, निसटलेलं यंत्र पकडायचा फास म्हणजे स्नेअर, सगळं तसंच. शीथवर पाण्याने निसरडा होणारा थर असतो, ती कोरडीच घातली की अडखळते, वाकते, आणि एकदा दुमडलेली शीथ पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. दुमडलेल्या शीथमधून यंत्र रेटायचं नाही, ती बदलायची. ‘एवढीशी तर वाकलीय’ असं कोणी म्हणालं तरी बदलायचीच.

इथे पैशाचं बोलायलाच हवं. ही यंत्रं लाखांच्या घरात जातात. घरच्यांनी दागिने गहाण ठेवलेले असतात, कोणी पीएफमधून उचल घेतलेली असते, आणि ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणून पहिलं यंत्र खराब निघालं की खोलीत एक विचित्र शांतता पसरते. पाकीट फोडलं तर बिल कोणाच्या नावावर? ती शांतता टेबलावरच्या माणसासाठी धोक्याची असते, कारण त्या भरात संशयास्पद यंत्रच ‘चालवून घेऊ’ असा विचार डोकावतो. हे आदल्या दिवशीच मिटवून टाक. खरेदी विभागाला आणि कंपनीला विचारून घे, की बसवताना बिघडलेलं यंत्र बदलून देण्याची अट काय आहे, आणि ती लेखी आहे का. सरांच्या कानावर घाल. म्हणजे केस चालू असताना कोणाच्या डोक्यात हिशेब येणार नाही.

टीपीआयची, म्हणजे तात्पुरत्या पेसमेकरची, तयारी तू स्वतः कर, दुसऱ्यावर सोडू नकोस. ज्यांचा डावा बंडल आधीच बंद आहे, त्यांच्या हृदयात हा जाडजूड कॅथेटर शिरताना उजव्या बंडलला धक्का लागला, की हृदय तिथल्या तिथे थांबू शकतं. ईसीजी आदल्या दिवशीच बघून ठेव. तसा पेशंट असेल, किंवा मुळातच पेसिंगवर अवलंबून असेल, तर टीपीआयची वायर आधी घालायची का हे सरांना विचार. छातीवर बाहेरून पेस करणारे पॅड मात्र प्रत्येकाला लावलेले असू देत. आणि टीपीआयच्या डब्यातली बॅटरी बदल, नुसती तपासू नकोस. १९५७ पर्यंत बाहेरून लावायचे पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालत. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला मिनियापोलिस भागात वीज गेली, तेव्हा लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. लिलेहाय यांनी अर्ल बॅकन नावाच्या इंजिनियरला काहीतरी कर म्हणून सांगितलं. काही आठवड्यांत बॅकननी बॅटरीवर चालणारी छोटी पेटी करून आणली. आपला टीपीआयचा डबा हा तिचाच वंशज, आणि त्याच्यात संपत आलेली बॅटरी ठेवणं मला सहन होत नाही.

आता फ्लशचं. याला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण हे पूर्णपणे स्क्रब सिस्टरच्या हातातलं काम आहे. शीथमधून आणि कॅथेटरमधून हेपरिनचं सलाइन सतत वाहतं राहायला हवं. सुरुवातीला एकही बुडबुडा राहता कामा नये. एवढ्या रुंद शीथमधून हवा आत ओढली जायला पेशंटचा एक खोल श्वास पुरतो. मग केस लांबते, सगळ्यांचे डोळे पडद्यावर, आणि प्रेशर बॅगमधली बाटली कधी संपली हे कोणाला कळतच नाही. यंत्र बिघडलंय असं वाटायला लावणाऱ्या बऱ्याच गोष्टी मुळात रक्ताच्या गुठळीच्या असतात. थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पाडायला लागणारं कमीत कमी व्होल्टेज, विनाकारण जास्त येतो, यंत्र परत कॅथेटरच्या टोकाच्या कपमध्ये घेताना बसत नाही, दोरा सरकत नाही. कपमधून बाहेर काढून पाहिलं तर आत गुठळी. तेव्हा बाटली कोण बघणार, हे नावानिशी ठरव. सर्क्युलेटिंगवर जो असेल त्याने बाटली बदलायला आली की मोठ्याने सांगायचं. हेपरिन किती आणि पुन्हा कधी, हे सर ठरवतील, पण दिल्याची वेळ फळ्यावर लिहायला तू सांग.

चित्र गोठलं तर काय, हे तू विचारलंस. आमच्याकडे एकदा यंत्र खालच्या कप्प्यात गेलेलं आणि नेमका सी-आर्म बंद पडला. चालू व्हायला काही मिनिटं लागतात, आणि ती मिनिटं फार लांब वाटतात. अशा वेळी करायचं ते इतकंच: कोणी काही पुढे सरकवायचं नाही, मागेही ओढायचं नाही. टेबल हलवायचं नाही, पेशंटचा पाय सरळ करायचा नाही. कॅथेटरवर दाब आहे की नाही हे सरांच्या हाताला कळतं, ते काय ते करतील. तू फ्लश चालू ठेव, मॉनिटर बघ आणि आकडे मोठ्याने सांगत राहा. फिरता सी-आर्म ओटीतून आणायला कोणाला पाठवायचं, तो दारातून आत येतो का, हे आधी बघून ठेवलेलं असलं तर उपयोग. इको मशीनही खोलीतच, सुरू करून ठेवलेलं. ‘आयसीयूत आहे, आणतो’ म्हणणारा माणूस लिफ्टपाशी उभा राहतो.

यंत्र बाहेरून तपासणारा प्रोग्रॅमर हँग झाला तर मात्र इतकं घाबरू नकोस. यंत्रात जे भरलंय त्याप्रमाणे ते पेस करत राहतं, प्रोग्रॅमर बंद पडला म्हणून ते थांबत नाही. काळजी करायची ती थ्रेशोल्डची तपासणी चालू असतानाच हँग झाला तर, कारण तेव्हा व्होल्टेज मुद्दाम कमी करत आणलेलं असतं. प्रोग्रॅमरचं हेड पेशंटच्या छातीवर ठेवून तपासणी होत असेल तर बहुतेक यंत्रणांत ते बाजूला उचललं की तात्पुरती तपासणी थांबते आणि यंत्र आपल्या कायमच्या सेटिंगवर परत येतं. आपल्या लॅबमधल्या मॉडेलमध्ये नेमकं काय होतं, ते कंपनीच्या माणसाकडून आदल्या दिवशी करून दाखवून घे. दुसरा प्रोग्रॅमर चार्ज करून ठेवायला सांग. पाकीट फोडण्याआधी यंत्राशी संपर्क होतोय का, बॅटरी ठीक आहे का, तारीख उलटली नाही ना, हे तिथेच तपासायचं, टेबलावर आणल्यावर नाही.

आणि आकडे वाईट आले की पहिला संशय यंत्रावर घेऊ नकोस. बऱ्याचदा जागाच बरोबर नसते, कधी थोडं थांबलं की थ्रेशोल्ड आपोआप उतरतो. सरांनी जागा बदलायची ठरवली तर यंत्र पुन्हा कपमध्ये घेऊन दुसरीकडे लावता येतं, पण प्रत्येक वेळी भिंतीला नव्याने टोचतो आपण. जितके प्रयत्न, तितकी भोक पडण्याची जोखीम. म्हणून कितवा प्रयत्न चाललाय हे मोठ्याने सांगायचं काम तुझं. सरांना ते ठाऊक असतं, तरी कानावर पडलं की हात आपोआप सावध होतात. अव्हेअरसारख्या स्क्रूने बसणाऱ्या यंत्रात घट्ट करण्याआधीच त्या जागेचे आकडे पाहता येतात, तेवढी सोय तिथे जास्त.

आता दोऱ्याकडे येते. मायक्राच्या मागच्या टोकातून एक बारीक दोरा ओवलेला असतो आणि तो कॅथेटरमधून हँडलपर्यंत आलेला असतो. हा दोरा शाबूत आहे तोवर चुकलेलं सगळं परत घेता येतं. यंत्र कपमध्ये ओढता येतं, जागा बदलता येते, बाहेर काढून दुसरं घेता येतं. कापल्यावर ते फार अवघड होतं, स्नेअर घेऊन शोधत बसावं लागतं, आणि यंत्र निसटून फुफ्फुसाच्या धमनीत गेलं तर तिथून. म्हणून कापण्याआधी सगळं बोलून होऊ दे. ओढून पाहिलं का? चारपैकी निदान दोन आकडे भिंतीत रुतलेले चित्रात दिसले का? थ्रेशोल्ड, सेन्सिंग, इम्पिडन्स लिहिले का? दोरा मोकळा सरकतोय का, की कुठे पीळ पडलाय? एवढी सगळी उत्तरं कानावर पडल्याशिवाय कात्री सरांच्या हातात देऊ नकोस. ‘सिस्टर, कात्री’ म्हणाले तरी आधी विचार, ‘सर, दोरा मोकळा आहे ना?’ चांगला डॉक्टर यावर कधी रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्या पेशंटला तुझ्या या प्रश्नाची जास्त गरज असते.

कापल्यावर एका टोकाने दोरा हळूहळू काढून घ्यायचा. हात जड लागला की तिथेच थांबायचं. पायजम्याची अडकलेली नाडी जोराने ओढली की कापडच गोळा होऊन येतं, तसं इथे यंत्रच जागेवरून येतं. फ्लश वाहतोय ना पाहा, कॅथेटरचं टोक यंत्राच्या कोणत्या बाजूला आहे, दोरा कुठे घासतोय, हे पडद्यावर बघा, ताण सोडा, मग पुन्हा. पडद्यावर यंत्र दोऱ्याबरोबर हललेलं तुला दिसलं, तर बोल. तू त्या खोलीत सगळ्यात धाकटी असशील, तरी बोल. सरांचं लक्ष बोटांवर असतं, तुझे डोळे मोकळे असतात. ‘सर, थांबा, यंत्र हलतंय’ एवढं पुरे. ‘मला वाटतं’, ‘कदाचित’ अशी सुरुवात नको. आणि हे टाइम-आउटलाच ठरवून घे: कोणीही ‘थांबा’ म्हणालं की सगळे थांबतील, कारण नंतर विचारायचं. सगळ्यांसमोर एकदा हो म्हटलेलं असलं की मग बोलायला जीभ अडत नाही.

आवाज मात्र खालचा ठेव. आजी जाग्या असतात, गुंगीत असल्या तरी आपलं सगळं ऐकत असतात. ‘बंद पडलं’, ‘गेलं’ असे शब्द त्यांच्या डोक्यावरून जात नाहीत, थेट काळजात जातात. तुझा एक हात मोकळा नसेल, तर भूल देणाऱ्या मॅडमना सांग, त्यांच्याशी बोलत राहा म्हणून.

आणखी एक गोष्ट, जी मला अगदी कळकळीने सांगायची आहे. प्रेशरची रेघ अचानक सपाट झाली की खोलीतले सगळे ट्रान्सड्युसरकडे धावतात. लाइन फ्लश कर, झिरो कर, केबल बदल. थांब. आधी नाडीला हात लाव, आजींना हाक मार, फ्लुरोवर हृदयाची कडा हलतेय का बघायला सांग. भिंतीला भोक पडून हृदयाभोवती रक्त साठत असेल, तर बाहेरून ते अगदी मशीनच्या बिघाडासारखंच दिसतं, आणि केबल बदलण्यात घालवलेली दोन मिनिटं परत मिळत नाहीत. पेरिकार्डियोसेंटेसिसचा सेट म्हणूनच ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा. सर्जनला आज ही केस आहे हे सकाळीच कळवलेलं असावं, रक्ताची पिशवी राखून ठेवलेली असावी. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२१ मध्ये मायक्रा बसवताना हृदयाला भोक पडण्याच्या धोक्याबद्दल डॉक्टरांना खास पत्र काढलं होतं, ते वाचून घे. त्याच सुमारास मिनियापोलिसचे डॉ. रॉबर्ट हाऊझर आणि त्यांचे सहकारी एफडीएकडे साठलेल्या तक्रारी चाळून याच विषयावर लिहीत होते. त्या तक्रारी कोणीतरी, कुठल्या तरी लॅबमध्ये, केस संपल्यावर दमलेल्या हाताने लिहिल्या होत्या.

म्हणून केस संपल्यावरचं कामही तुझ्याच ओटीत घालते. बिघडलेलं यंत्र, अडकलेला कॅथेटर, दुमडलेली शीथ, काहीही कचऱ्याच्या पिशवीत जाता कामा नये. घासूनपुसून चकचकीतही करायचं नाही. वेगळ्या पिशवीत सील कर, लेबल लाव, खोकं आणि लॉट नंबर सोबत. कंपनीचा माणूस ‘मी घेऊन जातो’ म्हणाला, तर फोटो आणि सहीची पोच घेतल्याशिवाय देऊ नकोस. आपल्याकडे २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला फार्माकोपिया आयोगात आहे. त्यांचा फॉर्म नर्सलाही भरता येतो. पेशंटला काही झालं नाही म्हणून सोडून द्यायचं नसतं, जे थोडक्यात टळलं तेही लिहायचं. नातेवाइकांनाही सरांनी स्वतः, त्याच दिवशी सांगावं: पहिलं यंत्र नीट चाललं नाही, म्हणून दुसरं बसवलं, बिल एकाचंच आहे. बाहेर बाकावर बसलेल्या लेकीला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

आणि शेवटचं, स्टिकर. दोन खोकी फुटली की पहिल्या खोक्याचं स्टिकर आधीच फाइलवर चिकटवलेलं असतं, आणि घाईत तेच राहतं. मग पेशंटच्या कार्डावर जो नंबर येतो ते यंत्र तिच्या अंगात नसतंच. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये नॅनोस्टिम या लीडलेस पेसमेकरच्या बॅटऱ्या अचानक बंद पडू लागल्याची सूचना निघाली, तेव्हा जगभरातल्या हजारावर पेशंटना शोधून बोलवावं लागलं, आणि शोधायला हाताशी असतो तो हाच नंबर. तेव्हा पहिलं स्टिकर फाइलवरून काढ, ‘वापरले नाही’ लिहून बिघाडाच्या पिशवीवर लाव. दुसरं फाइलवर, रजिस्टरमध्ये आणि कार्डावर. मग प्रोग्रॅमरवर यंत्राने स्वतःचा जो नंबर दाखवलाय तो प्रिंट काढून तिन्हीशी ताडून बघ, आणि कार्ड आजींच्या लेकीच्या हातात दे.